हकीकत ओक मॅडम व्हिएन्नेस एल्फ्रीडेबाईंच्या भेटीस गेल्या त्याची

श्री गोदामाईस नमन असो, आणि परमुलुखाच्या वेशीवर पासपोर्टावर शिक्का उमटविणारी जी कोणी अनोळखी देवता काचेआड बसते तीसही नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य नवमी, मंगळवार, म्हणजे इंग्रजी डिसेंबराची चोविसावी तारीख, ते दिवशी व्हिएन्ना मुक्कामी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. लिहिणाराने आपले नाव घालू नये ऐसी चाल आहे म्हणोन घातले नाही. शिवाय यात लिहिणाराची थोडी शोभाही जाहली आहे.

एक राज्य होते. राज्यास जमीन नव्हती, किल्ला नव्हता, नावही नव्हते. अकरा दिवसांचे राज्य, सव्वीस जीव आणि एक बस. बस उभी राहील ती राजधानी, आणि बस सुटली की राजधानी मागे पडे. सारे जीव नाशिककर, साठीच्या पुढचे, गुडघ्यांनी बेजार आणि हौसेने दांडगे. राज्याचे धनी भाऊसाहेब वडनेरे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणोन निवृत्त जाहलेले, त्यांस कोणी निवडिले नव्हते, परंतु मुंबईच्या विमानतळावर ते सर्वांपुढे चालू लागले आणि मग सारे त्यांच्यामागे चालू लागले, येणेप्रमाणे राज्याभिषेक जाहला. कारभार पाहावयास कंपनीने सुकन्या देवरे नावाची टूर मॅनेजर दिली होती, हुशार आणि सोशीक. राज्याचा कायदा एकच, तो म्हणजे मोजणी. मागील साली भाऊसाहेबांच्या राजस्थानच्या मोहिमेत जोशीकाका नावाच्या सोबत्यास जैसलमेरास विसरून बस चाळीस कोस पुढे गेली होती, तेव्हापासून भाऊसाहेबांनी शपथ घेतली की सव्वीस पुरे मोजल्याखेरीज पाऊल हलवावयाचे नाही आणि कोणास एकटे सोडावयाचे नाही. हा कायदा मायेचा होता हे लिहिणे प्राप्त आहे. मायेचा कायदा फार जाचक असतो.

त्या राज्यात कमलिनीबाई ओक म्हणोन एक होत्या. वय एकाहत्तर, अंगाने किरकोळ, लग्न केले नाही, आणि नाशकातील एका महाविद्यालयात चौतीस वर्षे जर्मन भाषा शिकविली. सारे त्यांस ओक मॅडम म्हणत. चौतीस वर्षे शिकविली खरी, आणि ती भाषा बोलणारा मुलूख एकवारही पाहिला नाही. आधी आईचे आजारपण, मग भावाचे शिक्षण, मग पुन्हा आईचेच आजारपण, ऐशी उमर निघोन गेली. त्यांस व्हिएन्नेत एक मैत्रीण, एल्फ्रीडे नावाची, तीही शाळेत शिकविणारी, दहा वर्षांनी वडील. एक्केचाळीस वर्षांमागे कोण्या शिक्षकांच्या मासिकात पत्ता सापडला, आणि मॅडमनी भीत भीत पत्र घातले, आणि उत्तर आले, आणि मग वर्षाकाठी चार पत्रे ऐसा क्रम चालिला. पुढे मॅडमनी लिहिले की मुलांस खरा उच्चार ऐकवावयास मजपाशी काही नाही, तेव्हा एल्फ्रीडेबाईंनी स्वयंपाकघराचे दार लावून घेऊन सारे पुस्तक स्वतः वाचिले आणि सात कॅसेटी भरून धाडिल्या. चौथ्या कॅसेटीत मागे किटली वाजते. नाशकाची पोरे त्या किटलीच्या आवाजासकट धडा म्हणून दाखवीत. त्या आवाजावर किती तुकड्या शिकल्या, कोणी म्युनिकास नोकरीस लागले, कोणी तेथेच घर केले. मॅडमनी मात्र आपला आवाज कधी धाडिला नाही. फोनही टाळीत. कॅसेटीवरून शिकलेली आपली भाषा, ती खरी की नुसती नक्कल, आणि आपण चौतीस वर्षे जे शिकविले ते बरोबर होते का, हे एकवार एल्फ्रीडेसमोर बसून बोलून दाखवावे आणि तिने सांगावे, एवढी एक इच्छा उरात धरोन त्या या राज्यात दाखल जाहल्या होत्या. हे आम्हांस मागाहून कळले. तोवर आम्हांस वाटे, मॅडम थंडीमुळे गप्प आहेत.

कार्तिकात एल्फ्रीडेबाईंचे पत्र आले होते. मजकूर असा की, आता जिने चढवत नाहीत, घर रिकामे केले, भाची नाताळाच्या सणाच्या दिवशी, चोविसाव्या तारखेस, दुपारी दोन वाजता मोटार घेऊन येईल आणि मला लिन्झ गावी वृद्धाश्रमात कायमची नेईल. तू त्याच दिवशी शहरात असशील तर घराखालच्या कॅफेत बारापासून दोनपर्यंत बसते. कॅफेही दोनलाच बंद होते. आमच्या राज्याचे कूच दुसरे दिवशी पहाटे पुढल्या देशी व्हावयाचे होते. छापील कार्यक्रमात चोविसाव्या तारखेस ‘दुपारी बारानंतर मोकळा वेळ’ ऐसे लिहिले होते, ते वाचोनच मॅडमनी ही सहल धरिली होती. परंतु भाऊसाहेबांस मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ वाटे, म्हणोन त्यांनी आदल्या दिवशी बसमध्ये उभे राहोन नवा बेत जाहीर केला: सकाळी राजवाडा, मग सर्वांनी मिळून देशी हॉटेलात जेवण, मग खोलीवर पाच वाजेतो वामकुक्षी, आणि मग सणाचा बाजार.

सकाळी न्याहारीचे वेळी मॅडम भाऊसाहेबांच्या टेबलापाशी आल्या आणि उभ्यानेच अर्ज करित्या जाहल्या. “भाऊसाहेब, मला बारा ते दोन जरा मोकळीक मिळेल का? एका ठिकाणी जाऊन येते.”

“एकट्या? छे छे, मॅडम! परक्या देशात काही झालं म्हणजे? आपण सगळेच जाऊ ना संध्याकाळी. आज त्यांची दिवाळी आहे, बाजार बघा कसा फुललेला असेल.”

“संध्याकाळी काही नसतं हो. दोन-तीनपासूनच आवरायला घेतात. आजचा सण त्यांचा घरात असतो.”

“सणाच्या दिवशी दुकानं बंद?” भाऊसाहेबांनी हातातील पाव खाली ठेविला. “लक्ष्मीपूजनाला आपल्या नाशकात मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि हे म्हणे बंद! मॅडम, पुस्तकातलं वेगळं असतं, बाजारातलं वेगळं.”

यावर सारा दरबार हसला. लिहिणाराही हसला, आता लपवून काय करावयाचे? जी बाई चौतीस वर्षे त्या लोकांचे सणवार फळ्यावर लिहून शिकवीत आली, तिला आम्ही मेन रोडचा दाखला दिला. मॅडमनी मैत्रिणीचे नाव काढिले नाही. सव्वीस जणांचा बेत मोडून आपले मन चौघांत उघडे करावयाचे, हे त्यांच्याच्याने होईना. भीड फार. “बरं,” एवढेच म्हणाल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

मग राजवाडा पाहिला. चौदाशे दालने आहेत ऐसे सांगतात, आम्ही चाळीस पाहिली, आणि प्रत्येक दालनात भाऊसाहेब छतास ओल आहे का ते पाहत. बाहेर थंडी ऐसी की बोलणाऱ्याच्या तोंडून वाफ निघे. सव्वाबारास राज्य देशी हॉटेलात उतरले आणि पिवळी डाळ, जिऱ्याचा भात आणि पनीर यांवर तुटोन पडले. मॅडमच्या ताटात भात जैसा वाढिला तैसा होता. त्यांच्या शेजारी शकुंतलाबाई घोलप बसल्या होत्या, सिन्नरकडील, सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणोन जन्म काढिलेल्या, आणि प्रवासात मॅडमच्या खोलीतील जोडीदारीण. त्यांची नजर रोग्यावरून सहसा चुकत नसे.

“काय गं, जेवत का न्हाईस? बीपीची गोळी घेतली का?”

“घेतली.”

“मग?”

“काही नाही, शकुताई.”

“काही न्हाई म्हनताना डोळ्याला पानी येतं व्हय कुनाच्या? सांग बघू.”

मग मॅडमनी खाली मान घालून सांगितले. पत्रे सांगितली, कॅसेटी सांगितल्या, दोन वाजताची मोटार सांगितली, आणि आपण शिकविले ते बरोबर होते का एवढे एक विचारावयाचे आहे तेही सांगितले. शकुंतलाबाईंनी घड्याळ पाहिले. एकास पाच कमी होते. त्या उठल्या, आणि वॉर्डात जैसे बोलावे तैसे बोलत्या जाहल्या, “ऐका सगळे! ह्या बाईची मैतरीन इथं वाट बघत बसलीय, आन् दोन वाजता कायमची निघून जानार हाय, आन् आपन पनीर खातोय!” आणि सारी हकीकत चार वाक्यांत सांगितली.

राज्यात हलकल्लोळ जाहला. बायकांनी पदर डोळ्यांस लाविले. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, “अहो मॅडम, आधी सांगायचं नाही का? चला, सगळे जाऊ!” हाच घात. आमच्या राज्यास प्रेम आले की ते सव्वीस जणांसह येते. बसचा ड्रायव्हर त्या देशाच्या कायद्याने तीन वाजेतो विश्रांतीस बसला होता, तो काही हलणार नव्हता. तेव्हा ट्रामने जावयाचे ठरले. मग स्वेटर चढले, मफलर शोधिले, माकडटोप्या उलट्या घातल्या त्या सुलट केल्या, प्रसाधनगृहापुढे रांग लागली, आणि एकदाचे राज्य दारापाशी उभे राहिले आणि सुकन्येने मोजणी केली. पंचवीस. पुन्हा मोजिले. पंचवीस. कोण नाही, कोण नाही ऐसा पुकारा जाहला, तेव्हा कळले की खुद्द भाऊसाहेबच नाहीत. रांगेत सर्वांस पुढे घालून ते सौजन्याने शेवटी राहिले होते, आणि मधुमेहामुळे त्यांस वेळ लागे. समोर एक ट्राम आली, उभी राहिली आणि गेली. एक वाजून वीस मिनिटे जाहली होती. मॅडमचा एक हात काचेच्या दारावर होता.

“सुकन्या, मी निघते,” त्या म्हणाल्या.

“दोनच मिनिटं, मॅडम, भाऊसाहेब आले की लगेच.”

“नाही गं. मी निघते.”

आणि दार लोटून त्या निघाल्या. एकाहत्तर वर्षांत त्यांनी विचारल्यावाचून उंबरा ओलांडिला नसेल. ओलांडिला तो त्या दिवशी. शकुंतलाबाई त्यांच्यामागे धावल्या, आणि सुकन्येने लिहिणारास म्हटले, “काका, तुम्हीही जा, प्लीज,” म्हणोन लिहिणाराही धावला. गुडघ्याने काय काय सांगितले ते येथे लिहीत नाही.

थांब्यावर गणवेशातला एक गृहस्थ उभा होता. मॅडम त्याच्याशी जर्मनमध्ये बोलल्या आणि त्याने हात करोन वाट दाखविली आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घातले. नाशकाची बाई आपली भाषा बोलते याचे त्याने काही तरी नवल करावे ऐसे आम्हांस वाटले. त्यास वाटले नाही. मॅडमचे कान मात्र लाल जाहले होते. ट्राममध्ये बसल्यावर त्यांचे ओठ हलत होते. आम्हांस वाटले स्तोत्र म्हणतात. त्या वाक्ये जुळवीत होत्या. बाहेर लोक हातात पिशव्या आणि फुले घेऊन लगबगीने घरोघर चालले होते, दुकानदार पायऱ्यांवर उभे राहोन कुलपे लावीत होते, आणि शहर डोळ्यांदेखत रिकामे होत होते. शकुंतलाबाई घड्याळ पाहत आणि पाहिले नाही ऐसे दाखवीत.

एक वाजून सेहेचाळीस मिनिटांनी आम्ही कॅफेपाशी पोहोचलो. आत वेटर खुर्च्या टेबलांवर उलट्या मांडीत होता. खिडकीपाशी एका टेबलाशी तेवढी खुर्ची सुलटी, आणि तीवर एक वृद्ध बाई, हिरवा ओव्हरकोट गळ्यापर्यंत लाविलेला, डोईस टोपी, मांडीवर पर्स, आणि नजर दाराकडे. मॅडम क्षणभर दारातच थबकल्या. शकुंतलाबाईंनी लिहिणाराची बाही ओढिली आणि म्हणाल्या, “आपन भायेरच थांबू.” म्हणोन पुढील जे लिहितो ते काचेतून पाहिलेले आहे, शब्द ऐकू आले नाहीत.

मॅडम टेबलापाशी गेल्या. त्या बाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि हळूहळू उठल्या. दोघींनी मिठी मारिली नाही. एकमेकींस कोपरांशी धरोन उभ्या राहिल्या, जैसे कोणी पडणाऱ्यास धरावे, आणि मग बसल्या. मॅडम काही बोलल्या. त्या बाई काही बोलल्या. वेटरने कॉफी आणोन ठेविली, ती कोणी प्याले नाही. मध्येच मॅडमनी हात पुढे करोन त्यांचा मफलर नीट केला. मग बराच वेळ कोणीच बोलेना, आणि लिहिणारास बाहेर उभ्या उभ्या राग आला, की वेळ जातो आहे, बोला की काही. मग करड्या रंगाची मोटार आली आणि भाची उतरली, चांगली बाई, घाईची. तिने मॅडमचा हात हलविला, मावशीस उठविले, वेटरने दार धरिले. एल्फ्रीडेबाई मोटारीत बसल्या, काच खाली करोन हात बाहेर काढिला, मॅडमनी तो धरिला आणि मोटार सुटली तशा दोन पावले तिच्याबरोबर चालल्या. मग हात सुटला. मोटार वळली. आम्ही तिघे त्या वळणाकडे पाहत राहिलो, जरी तेथे पाहण्याजोगे काही उरले नव्हते. लिहिणारास आपली कोण कोण माणसे भेटावयाची राहिली ती एकाएकी आठवली. शेवटी शकुंतलाबाई म्हणाल्या, “चल गं, पाय गारठतील,” आणि आम्ही परतलो.

मागे राहिलेले राज्य मोजणी पुरी होईतो वेळ टळली म्हणोन खोलीवर गेले होते. पाच वाजता ते सर्व साजानिशी बाजार पाहावयास निघाले. चौकात पोहोचलो तो काय, सारी दुकाने बंद, लाकडी टपऱ्यांस फळ्या ठोकलेल्या, दिव्यांच्या माळा विझविलेल्या, आणि एवढ्या थोरल्या चौकात आम्ही सव्वीस आणि एक कबूतर. अंधार केव्हाच पडला होता. वर घराघरांच्या खिडक्यांत मात्र उजेड होता. पडद्यांआड माणसे हलत होती, कोठे झाडावर मेणबत्त्या दिसत, कोठून कांदा परतल्याचा वास येई. सण घरात होता आणि आम्ही रस्त्यावर. मग एकेकाचे फोन बाहेर निघाले. नाशकास साडेनऊ जाहले असतील ऐसे कोणी म्हटले, आणि कोणी सुनेस विचारू लागले की पोरे जेवली का, दार लावलेस का, तुळशीला पाणी घातलेस का. दिवाळीत परगावी असावे तैसे वाटले. लिहिणाराने फोन काढिला आणि कोणास लावावा ते न सुचोन खिशात ठेविला.

भाऊसाहेब मॅडमपाशी आले, त्यांनी एवढ्या थंडीत डोईची टोपी काढिली आणि म्हणाले, “मॅडम, चुकलं माझं. सगळंच चुकलं.”

“अहो, भेट झाली ना. भेटायला मिळालं, तेच पुष्कळ.”

“मग? जर्मनमधून बोललात का भरपूर?”

मॅडम हसल्या. “ट्राममध्ये सगळं घोकून ठेवलं होतं. एक्केचाळीस वर्षांचं. समोर गेले, तिचे हात धरले, नुसती हाडं हो! आणि तोंडातून आलं, किती वाळलीस गं.”

“मराठीत?”

“मराठीत. मग सगळं मराठीतच आलं. जेवतेस का नीट, भाची बघते ना, तिकडे थंडी जास्त असते का. जर्मनचा एक शब्द फुटेना मला.”

“अहो, मग त्यांना काय कळलं?”

“ती तिच्या भाषेत उत्तरं देत होती. बरोबर देत होती.”

शकुंतलाबाई जवळच होत्या. त्यांनी हळूच विचारिले, “आन् ते तुझं? बरोबर शिकवलं का ते? इचारलंस?”

मॅडमनी वर खिडक्यांकडे पाहिले.

“राहून गेलं,” त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे वर्तमान घडले. पुढे राज्य आणखी सहा दिवस चालिले आणि मुंबईस सामानाच्या पट्ट्यापाशी विसर्जन पावले. ज्याने त्याने आपापली बॅग ओळखिली आणि जो तो आपल्या वाटेस लागला. एकंदर मोहिमेत राजवाडा पाहिला, बाजार पाहिला नाही, भेट जाहली आणि बोलावयाचे ते राहिले, इतकाच जमाखर्च. ओक मॅडम गंगापूर रोडवर सकाळी फिरावयास येतात, नमस्कार होतो, हवापाण्याचे बोलणे होते. लिन्झहून पत्र येते का, हे विचारावे ऐसे लिहिणाराच्या रोज मनात येते, आणि रोज भीड पडते.